वाळवंटी शर्यतीची वाहने

वाळवंटे, ओसाड पठारे, कोरडी नदीपात्रे व खडकाळ माळराने यांतून अनेक दिवस चालणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी खास आखणी करून बांधलेल्या मोटारगाड्या, मोटारसायकली व मालमोटारी यांना ही संज्ञा लावतात. बंदिस्त धावमार्गावरील शर्यतीत तीच वळणे पुन्हापुन्हा येतात आणि वाहन बिघडल्यास ते दुरुस्तीच्या जागेपासून फार दूर नसते. वाळवंटी शर्यतीत सु. दोन आठवड्यांत ५,००० ते १०,००० किमी. अंतर कापावयाचे असते, मार्गाचा सराव करता येत नाही आणि दिवसाच्या टप्प्यात बिघाड झाल्यास तो चालक व सहचालक यांनाच जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करावा लागतो. त्यामुळे अशा वाहनाची योग्यता त्याच्या कमाल वेगावरून ठरत नाही. दिवसभर आदळआपट सोसून मुक्कामी पोहोचणे व दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघण्याच्या स्थितीत असणे, ही त्याची खरी कसोटी होय. आखणीतील जवळजवळ प्रत्येक प्रश्न अखेर वजनापाशी येऊन थांबतो. मजबुतीसाठी धातू, पल्ल्यासाठी इंधन, सुरक्षिततेसाठी सुटी चाके व हत्यारे हे सर्व हवे असते आणि यांतील प्रत्येक किलोग्रॅम वाळूत चाक थोडे अधिक रुतवितो.

इतिहास : दीर्घ पल्ल्याच्या मोटार शर्यतींची परंपरा १९०७ सालच्या पेकिंग–पॅरिस शर्यतीपासून मोजतात. तीत पाच वाहने निघाली होती व इटलीचे राजपुत्र बोर्गेझे यांची ‘इटाला’ गाडी पहिली आली. पुढील काळातील एका शर्यतीचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आला. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सुटलेली लंडन–सिडनी मॅरेथॉन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून मुंबईस पोहोचली आणि तेथून ‘चुसान’ या जहाजाने गाड्या ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास नेण्यात आल्या. मुंबईपर्यंत आघाडीवर असलेली रॉजर क्लार्क यांची लोटस कोर्टिना ही वेगवान गाडी ऑस्ट्रेलियातील ओसाड प्रदेशात यांत्रिक बिघाडांमुळे मागे पडली. अंतिम विजय अँड्रू कावन यांच्या हिलमन हंटर या घरगुती वापराच्या साध्या गाडीला मिळाला. तिची शक्ती बेताची होती. पण सांगाडा व निलंबन योजना विचारपूर्वक बळकट केलेल्या होत्या. पुढील अर्धशतकात या क्षेत्रातील आखणीकारांना जे पुन्हापुन्हा शिकावे लागले, ते या एका निकालात दिसून आले होते.

आजच्या स्वरूपातील वाळवंटी शर्यत फ्रेंच मोटारसायकलपटू तेअरी साबीन यांनी सुरू केली. १९७७ मध्ये आबीजान–नीस शर्यतीत ते लिबियाच्या वाळवंटात वाट चुकले व मोठ्या संकटातून वाचले. त्या अनुभवातून त्यांनी पॅरिस ते सेनेगलमधील डकार अशी शर्यत योजिली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहने निघाली. त्यांतील बहुतेक बाजारात मिळणाऱ्या गाड्या होत्या, त्यांवर जादा टाकी, दणकट पाट्याच्या कमानी व फावडे एवढीच भर घातलेली होती. सर्वांत पुढे राहिली ती सीरील नव्ह यांची एका सिलिंडराची यामाहा मोटारसायकल. मोटारगाड्यांत रेंज रोव्हर पहिली आली. नंतरच्या दशकात मोठ्या कारखान्यांनी लक्ष घातले व चित्र झपाट्याने पालटले. १९८४ मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी पोर्शे ९११, १९८५ मध्ये मित्सुबिशी पजेरो, १९८६ मध्ये पोर्शे ९५९ आणि १९८७ पासून सलग चार वर्षे प्यूजो, असे विजेते झाले. विक्रीच्या गाडीशी केवळ बाह्य रूपाचे साम्य असलेली, आतून मात्र संपूर्णपणे नव्याने बांधलेली वाहने याच काळात पुढे आली. साबीन स्वतः जानेवारी १९८६ मध्ये शर्यत चालू असताना मालीमध्ये हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू पावले. मॉरिटेनियातील असुरक्षिततेमुळे २००८ ची शर्यत रद्द झाली, २००९ ते २०१९ या काळात ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. डकार हे नाव मात्र कायम राहिले आहे.

चाक व वाळू : कोरडी वाळू घन पदार्थासारखी भार पेलते आणि मर्यादा ओलांडताच द्रवासारखी बाजूला सरकते. ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. टायरच्या बाजूंचा ताठरपणा सोडल्यास टायर जमिनीवर जो दाब देतो, तो आतील हवेच्या दाबाइतकाच असतो. एका चाकावर ५०० किग्रॅ. भार असून आतील दाब दर चौ. सेंमी.ला २ किग्रॅ. असेल, तर टायरचा जमिनीशी स्पर्श सु. २५० चौ. सेंमी. क्षेत्रावर होतो, दाब निम्मा केल्यास तो ५०० चौ. सेंमी. होतो. हे वाढीव क्षेत्र टायर रुंद होण्यापेक्षा त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांब होण्याने अधिक मिळते. पुढे सरकताना वाळू ढकलीत नेण्याऐवजी चाक तीवर चढते, ते यामुळेच. म्हणून टेकड्यांचा प्रदेश लागताच चालक हवा कमी करतात व पुढे कठीण जमीन आली की ती पुन्हा भरतात. हवा कमी केलेला टायर दगडांवर कापला जातो आणि जोरदार वळणात धावेवरून निसटू शकतो. तेव्हा हवा केव्हा सोडावी आणि केव्हा भरावी हा निर्णय चालकाला दिवसातून अनेक वेळा घ्यावा लागतो व प्रत्येक वेळी काही मिनिटे खर्ची पडतात. मोठ्या व्यासाच्या चाकाने हा प्रश्न बराच सौम्य होतो. मात्र मोठे चाक जड असते, त्यास सामावण्यासाठी जागा लागते आणि आस व सांधे यांवरील ताण वाढतो.

वाळूच्या टेकडीचा माथा हे स्वतंत्र संकट आहे. चढताना वेग राखावा लागतो, पण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. वेग कमी पडल्यास वाहन माथ्यावर पोटाने टेकते व चारही चाके हवेत फिरत राहतात. वेग जास्त झाल्यास ते उडून नाकावर आदळते. यासाठी वाहनाचे तळ पूर्ण सपाट पत्र्याने झाकतात, पुढील चाकांच्या पुढचा व मागील चाकांच्या मागचा भाग शक्य तेवढा आखूड ठेवतात आणि बाजूला धातूच्या किंवा प्लॅस्टिकाच्या फळ्या बांधतात. रुतलेले वाहन या फळ्यांवरून बाहेर काढता येते.

निलंबन योजना : वाळवंटी वाहनाच्या आखणीत सर्वाधिक कौशल्य येथे लागते व खर्चाचा मोठा वाटाही येथेच जातो. एखादे वाहन १ मी. उंचीवरून चाकांवर पडले, असे मानू. चाकांना वर सरकण्यास १५ सेंमी. वाव असेल, तर वाहन थांबविण्यासाठी लागणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या सु. पावणेआठ पट येते. वाव ३५ सेंमी. असेल, तर ते चौपटीच्या आत राहते. हा फरक सांगाड्याला सोसावा लागतो, त्याचप्रमाणे चालक व सहचालक यांच्या मणक्यांनाही. रोजच्या वापराच्या गाडीत चाकाची हालचाल मोठी ठेवल्यास ती वळणावर कलंडू लागते. म्हणून वाळवंटी गाडी रुंदही करावी लागते. मोटारगाड्यांच्या प्रमुख वर्गात २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी हालचालीची मर्यादा २८ सेंमी.वरून ३५ सेंमी., गाडीची रुंदी २ मी.वरून २·३ मी. आणि टायरचा व्यास ३२ इंचांवरून ३७ इंच अशी वाढविली. हे तीन बदल एकाच वेळी झाले, यात नवल नाही.

धक्का शोषणे म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. शेकडो किलोमीटर खडबडीत जमिनीवर धावताना धक्काशोषकातील तेल इतके तापते की, ते पातळ होऊन त्याचा प्रतिरोध घटतो व चालकाला गाडी हळूहळू ‘उड्या मारू’ लागल्याचे जाणवते. यावर प्रत्येक चाकास दोन धक्काशोषक बसविणे, तेलाचा वेगळा साठा ठेवणे व त्यांवर वारा खेळता ठेवणे, असे उपाय योजतात.

धूळ व उष्णता : सहारात ‘फेश-फेश’ या नावाने ओळखली जाणारी जमीन वरून कठीण वाटते, पण पापुद्रा फुटताच खाली पिठासारखी धूळ लागते. ज्यांनी चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर उधळला जाणारा गुलाल पाहिला आहे, त्यांना तिची कल्पना सहज येईल. अंग, कपडे, घराच्या फटी, कुलपाचे भोक, काहीही त्यातून सुटत नाही आणि यात्रेनंतर कित्येक दिवस तो सापडत राहतो. फरक इतकाच की, गुलाल मऊ असतो व वाळवंटी धुळीत सिलिका असते. ती एंजिनात शिरल्यास सिलिंडराच्या भिंती व दट्ट्याची कडी काही तासांत घासून जातात. यासाठी हवा आत घेण्याचे तोंड छपराच्या उंचीवर ठेवतात. आत येणाऱ्या हवेला आधी गोल फिरवून जड कण बाजूला फेकतात व मगच ती गाळणीतून नेतात. गाळणी रोज बदलावी लागते. गाळणी जितकी दाट, तितकी हवा कमी व तितकी शक्ती कमी, ही अडचण मात्र कोणत्याही युक्तीने पूर्णपणे टळत नाही.

उष्णतेचा प्रश्नही असाच आहे. सपाटीवर वेगाने जाताना रेडिएटरला वारा भरपूर मिळतो. टेकडी चढताना मात्र एंजिन पूर्ण शक्तीने चालत असून वाहनाचा वेग बैलगाडीइतका असतो आणि वारा पाठीमागून असल्यास रेडिएटरमधून हवा जवळजवळ वाहतच नाही. भरलेली एसटी गाडी जोतिबाचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना जे होते, तेच येथे सु. ४०० अश्वशक्तीच्या एंजिनाच्या बाबतीत होते. त्यामुळे मोठे विजेचे पंखे लागतात. अनेक वाहनांत रेडिएटर दगड व वाळूपासून दूर, मागील बाजूस बसवितात.

इंधन व वजनाची वाटणी : दिवसाचा शर्यतीचा टप्पा ४०० किमी. वा त्याहून मोठा असू शकतो व वाळूत इंधन रस्त्यापेक्षा कितीतरी पट अधिक लागते. प्रमुख वर्गातील काही गाड्यांत ४०० लि.पेक्षा अधिक इंधन नेण्याची सोय असते. एवढ्या पेट्रोलचे वजन सु. ३०० किग्रॅ. भरते. सकाळी सुटणारी व संध्याकाळी पोहोचणारी गाडी, यांच्या वजनात चार माणसांचा फरक असतो, असे म्हणता येईल. टाकी मागील टोकास असेल, तर हा फरक गाडीचा तोल बिघडवितो. म्हणून ती चालकाच्या पाठीमागे, दोन्ही आसांच्या मध्ये व शक्य तेवढी खाली बसवितात. टाकीच्या आत रबरी पिशवी असते. त्यामुळे अपघातात बाहेरचे कवच फुटले, तरी इंधन सहसा सांडत नाही. सुटी चाकेही याच मधल्या भागात, आसनांच्या खाली वा बाजूला ठेवतात.

दोन चाकांना शक्ती की चार चाकांना, हा वाद या क्षेत्रात दीर्घकाळ चालला आहे. चारही चाकांना शक्ती दिल्यास वाळूत पकड चांगली मिळते, परंतु पुढील आस, विभेदक व दंडगोल यांचे वजन वाढते व पुढील चाकांच्या हालचालीवर बंधन येते. नियमकर्त्यांनी दोन चाकी शक्तीच्या हलक्या गाड्यांना मोठी चाके, अधिक हालचाल व आसनावरून टायरची हवा कमीजास्त करण्याची मुभा देऊन तोल साधला. झाँ-लुई श्लेसर यांनी १९९९ व २००० मध्ये अशा ‘बग्गी’ने विजय मिळविला. प्यूजोने २०१५ मध्ये याच धर्तीची गाडी आणली. पहिल्या वर्षी ती मागे पडली आणि २०१६ पासून सलग तीन वर्षे जिंकली. चार चाकी शक्तीच्या गाड्यांनाही २०२२ पासून मोठी चाके मिळाल्यावर पारडे पुन्हा फिरले. या इतिहासावरून एक गोष्ट उघड होते : कोणती आखणी श्रेष्ठ, याचा निर्णय वाळू करते त्यापेक्षा अधिक वेळा नियमपुस्तक करते. २०२४ मध्ये विजेत्या ठरलेल्या औडी गाडीत चाके विजेच्या चलित्रांनी फिरत व पेट्रोल एंजिन केवळ वीज निर्माण करी. वाळवंटात विद्युत् भारण केंद्र नसल्याने वीजघर सोबत न्यावे लागले, असे तिचे वर्णन करता येईल.

मोटारसायकली : २०११ पासून डकारमध्ये मोटारसायकलींच्या एंजिनाची मर्यादा ४५० घ. सेंमी. आहे. त्यापूर्वीच्या मोठ्या व जड यंत्रांचा वेग धोकादायक झाला होता. चालकाला एकट्यालाच वाहन सांभाळून मार्गपत्रिका वाचावी लागते. त्यामुळे हँडलच्या वर मनोऱ्यासारखी चौकट उभारून तीत मार्गपत्रिका, दिशादर्शक व अंतरमापक नजरेच्या रेषेत बसवितात. इंधन पुढे-मागे टाक्यांत विभागतात. टायरमध्ये हवेऐवजी स्पंजासारख्या रबराचे कडे घालतात. ते पंक्चर होत नाही, पण अतिशय तापल्यास वितळते. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने २००१ ते २०१९ या काळात झालेल्या सर्व अठरा शर्यती या वर्गात जिंकल्या. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये या कंपनीचे भाग प्रथम घेतले व पुढे केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकण येथे तयार होऊ लागल्या.

सुरक्षितता : डकार शर्यतीत आरंभापासून स्पर्धक, साहाय्यक, पत्रकार व वाटेवरील ग्रामस्थ मिळून सत्तरहून अधिक माणसे मृत्यू पावली आहेत व त्यांत रस्त्याकडेला उभी असलेली मुलेही आहेत. शर्यतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच असून त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. आखणीच्या बाजूने पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांदे-कमरेचे पट्टे, मानेला आधार देणारे साधन व आपोआप चालणारे अग्निशामक हे सक्तीचे आहेत. मागून येणाऱ्या वाहनाची सूचना पुढच्याला देणारा भोंगा आणि थांबलेल्या वाहनाचे स्थान उपग्रहाद्वारे कळविणारे यंत्रही आवश्यक असते. गाड्यांच्या वेगावर मर्यादा असून वस्तीच्या जवळ ती फारच खाली आणली जाते. मोटारसायकलस्वाराला पिंजरा नसतो. त्याच्या अंगावरील हवेने फुगणारे जाकीट हेच त्याचे कवच होय. भारतीय संघालाही याची झळ लागली आहे. हीरो संघाचे पोर्तुगीज चालक पाउलू गोन्साल्विश जानेवारी २०२० मध्ये सौदी अरेबियात मरण पावले व त्याच संघाचे बंगलोरचे सी. एस. संतोष पुढच्याच वर्षी गंभीर जखमी झाले.

भारत व महाराष्ट्र : भारतात वाळवंटी शर्यतींचे क्षेत्र राजस्थानातील थर होय. तेथील शर्यतींत दीर्घकाळ मारुती जिप्सी या १९८५ मध्ये आलेल्या गाडीचे प्राबल्य होते. तिची शक्ती कमी व निलंबन योजना पाट्याच्या कमानींची जुनाट. पण वजन जेमतेम एक टन असल्याने ती वाळूवर तरंगे, आणि कोणत्याही गावातील मिस्त्रीला ती उघडता येई. संतोष हे २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. हीरो कंपनीने जर्मनीतील स्पीडब्रेन या संस्थेच्या साहाय्याने आपली शर्यतीची मोटारसायकल विकसित केली. तीवर जोआकिम रोद्रिगेश यांनी २०२२ मध्ये डकारचा एक टप्पा जिंकला व रॉस ब्रांच २०२४ मध्ये एकूण दुसरे आले.

महाराष्ट्रात खरे वाळवंट नाही. येथील आडवाटेच्या वाहनांची परंपरा चिखल, घाट व खडक यांवर वाढली. मुंबईत महिंद्र कंपनीने जीप जुळविण्यास प्रारंभ केला, तो १९४०–५० या दशकाच्या अखेरीस. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ ही दोन्ही आसांचे विभेदक बांधता येणारी गाडी गोव्यातील पावसाळी जंगल स्पर्धांत उतरली. परंतु चिखलासाठी उत्तम असलेले वाहन वाळूत चालेलच असे नाही. चिखलात खोल खाचांचा टायर जमीन पकडतो, वाळूत तोच टायर जमीन खणतो. चिखलात सावकाश नेटाने जावे लागते, वाळूत थांबणे म्हणजे रुतणे.

कोल्हापूरचा या विषयाशी संबंध वेगळ्या मार्गाने येतो. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून देशातील मोटार उद्योगाला ओतीव भाग पुरविले जातात. तेथे वाळू हे रोजचे साधन आहे. जिच्या साच्यात एंजिनाचा ठोकळा जन्म घेतो, तीच वाळवंटात त्याचा नाश करते. शर्यतीची वाहने हजारांनी काढावयाची नसतात. दोन-चार प्रतींचे काम, नमुना तयार करणारा कुशल सुतार, चांगला वेल्डर व चूक झाल्यास त्याच रात्री दुसरा भाग ओतून देणारी लहान ओतशाळा, ही या कामाची खरी गरज होय आणि ती भागविण्याची क्षमता अशा गावांत मोठ्या कारखान्यांपेक्षा कमी नाही. उणीव आहे ती चाचणीसाठी जवळ वाळवंट नसण्याची व खर्च सोसणाऱ्या आश्रयदात्याची.

महाराष्ट्रातील व्यक्तींनी वैयक्तिक बळावर या शर्यतीत भाग घेतलेला आहे. आशिष रावराणे हे २०२१ मध्ये डकारच्या मोटारसायकल वर्गात उतरले. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये जुन्या वाहनांसाठी असलेली ‘डकार क्लासिक’ ही नियमितता स्पर्धा टोयोटा लँड क्रूझर गाडीने पूर्ण केली. आखणीच्या शिक्षणाची सोय मात्र विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेने केली आहे. २००७ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे स्वतः आखलेली एकआसनी वाहने घेऊन गेले आहेत. तीत सर्वांना १० अश्वशक्तीचे एकच ठराविक पेट्रोल एंजिन देण्याची पद्धत होती. शक्ती सारखीच असल्याने नळ्यांचा पिंजरा किती हलका करावा, चाकाला किती वाव द्यावा व गिअरचे प्रमाण काय ठेवावे, एवढेच विद्यार्थ्यांच्या हाती उरते. वाहनाची आखणी, खर्च, चढण व वळणे यांची परीक्षा आधी होते. सर्वाधिक गुण मात्र अखेरच्या चार तासांच्या सलग शर्यतीला असतात आणि दरवर्षी तीत बरीच वाहने पोहोचण्याआधीच सांधे तुटून थांबतात.